लशीनंतरचा अर्धा तास

हॅलो?… हॅलो, कोण?… माया व्हय! अगं थांब, थांब जरा… हाताला पीठ हाय, फोन निसटतोय… हां. बोल आता. स्पीकरवर टाकलाय. भाकरी थापत थापत बोलते.

व्हय, झाली की. काल झाली आत्यांची, तुझ्या आईची लस. डाव्या दंडावर… न्हाई गं, कशाच्या रडतायत! सिस्टरलाच म्हणल्या, ‘एवढंच व्हय? मेंढरांना आमी यापेक्षा मोठी सुई टोचतो.’

आता?… आता न्हाई बोलता येणार… झोपल्या न्हाईत, घरातच न्हाईत… रानात बी न्हाईत… अगं दवाखान्यात कशाला आसतील, तोंड आवर! तुमा सांगलीकरांच्या डोक्यात आधी दवाखानाच येतोय… बरं, ऐक. उभी हायस का बसलीयास?… मग बस आधी… बसलीस?… आत्या बिराप्पा मामांच्या घरी हायत.

हॅलो?… माया?… हॅलो, गेली का काय लाईन?… हायस व्हय. मग बोल की! मला वाटलं फोन कट झाला.

व्हय, तेच. तुझे सख्खे मामा. आणि किती बिराप्पा हायत आपल्यात?… जतच्या पुढचे, कर्नाटकाच्या अंगाला राहणारे, तेच ते… शुद्धीत हाय मी! सकाळचे साडेसात वाजलेत, चहा सोडून काय पोटात न्हाई माझ्या.

…हो, हो… अगं ऐक ना… माया, तू एकटीच बोलशील तर मी कवा सांगू?

तू म्हणतीयास ते सगळं मला पाठ हाय गं. अकरा वर्सं झाली, ह्या घरात मामांचं नाव काढायची सोय न्हाई. आणि भांडण कुणाच्या लग्नाचं? माझ्या! मी माप ओलांडून आत आले ती ह्या भांडणावरच पाय देऊन आले. छापखानेवाल्यानं पत्रिकेतली एक ओळ गाळली. एक ओळ, माया! आणि त्या ओळीत नेमकं मामांचं नाव. मामा लग्नाला आले न्हाईत. मंगलाष्टकं चालू व्हायची वेळ, नवरदेवाच्या मागं मामा म्हणून उभं कोण राहणार? तर आयत्या वेळी त्या कोंडीबा चुलतमामाला ढकललं पुढं. ते कळल्यावर तर मामांनी बोलणंच टाकलं. आणि आत्यांनी तरी काय कमी केलं? ‘एका कागदापायी माझ्या एकुलत्या एका लेकाच्या लग्नाला आला न्हाई’ म्हणून त्यांनी बी टाकलं… 

व्हय, तुझ्या लग्नात बी… मला दिसलं होतं. तुला मांडवात आणायला मामा न्हवता, तवा तू सारखी दाराकडं बघत होतीस ते मला दिसलं होतं… बरं, नको, ते नको आता. पुढचं ऐक, लय मजा हाय पुढं.

कुणी नेलं म्हणजे? मी नेलं!… एकटीनं न्हाई. कटात दोघी होतो. मी आणि सृष्टी… मामांची सून गं. तुमच्या थोरल्या अर्जुना मावशी कोरोनात गेल्या ना, गेल्या साली मिरजेच्या दवाखान्यात, आणि कुणालाच जाता आलं न्हाई, तवा ह्या पोरीनं कुठनंतरी माझा नंबर काढला आणि मेसेज केला. ‘ताई, आमचे मामंजी आतल्या खोलीत बसून एकटेच रडतायत. तुमच्याकडं काय हाय?’ मी लिहिलं, ‘आमच्याकडं बी तेच हाय, फक्त खोली वेगळी.’ तवापासनं आमी बोलतोय. चोरून!… हसतीस काय? तुझा दादा एकदा म्हणला सुद्धा, ‘सारखी कुणाशी कुजबुजतीस गं?’

मग म्हसवडात लशीची ही तऱ्हा. पन्नास डोस येणार, पहाटेपासनं दीडशे माणूस रांगेत. आत्यांना दोनदा नेलं, दोनदा माघारी आणलं. आणि सृष्टी सांगतीया, ‘ताई, आमच्या गावात दोनशे डोस येणार हायत आणि माणसं पळून रानात जाऊन बसल्यात. कुणी उठवलंय, लस घेतली की माणूस दोन वर्सांत जातोय. तुमी आत्यांना घेऊन या. मी मामंजींना त्याच टायमाला आणते.’ बस! मोबाईल घेतला, जिल्हा सातारा होता तिथं सांगली केलं, गाव शोधलं, दाबलं बटण. आत्यांना सांगितलं, आटपाडीला नंबर लागलाय… अगं आटपाडी वाटंतच हाय, अगदीच काय खोटं न्हाई.

…तुझ्या दादाला? आदल्या संध्याकाळी सांगितलं. ताटावरनं उठला. म्हणला, ‘आई मला चालत्या गाडीतनं खाली टाकंल.’ मी म्हणलं, गाडी तुमीच चालवताय, ती कशी टाकंल?

पिकअप नेला की. डाळिंबाचे क्रेट उतरवले, धुतला, पुढं आमी तिघं दाटीवाटीनं. आत्या खिडकीला. हद्दीवर पोलीस उभे. एक पोरगेला पोलीस आला, म्हणला, ‘आजी, मास्क कुठाय?’ आत्या म्हणल्या, ‘पदराच्या आत.’ तो म्हणला, ‘दाखवा.’ आत्या म्हणल्या, ‘परक्या बाप्याला मी रस्त्यात पदर काढून तोंड दाखवू?’… अगं खरंच! तो बिचारा एवढासा झाला. हात जोडले त्यानं. लशीचा मेसेज बघितला न्हाई, कागद मागितला न्हाई, ‘जावा आजी, जावा’… आणि मास्क होता का, विचार!… कुठला! हनुवटीला अडकवला होता. पुढं गेल्यावर मी वर ओढला.

थांब हां, तव्यावरची उलटते… हां.

तर आटपाडी मागं गेली. आत्यांना डुलकी लागलेली, आमी दोघं श्वास धरून बसलेलो. खरसुंडी गेली, भिवघाट गेला, आणि नागजच्या फाट्याला आत्यांनी डोळं उघडलं. बाहेर बघितलं. तो रस्ता त्यांना पायांनी ठाऊक, माया. पोरपणी मेंढरं घेऊन कितीदा गेल्या आसतील तिथनं. एकच बोलल्या, ‘मल्हारी, गाडी बाजूला घे.’

उतरल्या. रस्त्याच्या कडंला बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडं पाठ करून. तुझा दादा काय करावा? टायर बघायला लागला! चारी टायर दोन-दोनदा तपासलं त्यानं, लाथा मारून मारून. मला म्हणतोय हळूच, ‘तू सांग, तू सांग.’

मग मी गेले आणि सगळं सांगितलं. स्लॉट मी घेतला, मुद्दाम घेतला, सृष्टीशी बोलून घेतला. माझ्या लग्नापासनं हे चाललंय, मला आता बघवत न्हाई… व्हय, रडले थोडी. वारं बी लय होतं, डोळ्यात धूळ जात होती… बरं बाई, रडले!

आत्या बाभळीची साल नखानं सोलत राहिल्या. पाच मिनटं, दहा मिनटं. मला वाटलं, आता म्हणतील गाडी फिरव. मग विचारलं, ‘लस किती वाजता हाय?’ म्हणलं, साडेअकरा. ‘तो हाय का तिथं?’ म्हणलं, येणार हायत. पदर सारखा करत, ‘कसा दिसतोय आता?’ म्हणलं, सृष्टी म्हणतीया, पुढचे दोन दात गेल्यात. तर म्हणल्या, ‘एवढ्यातच?’

…हो ना! मग म्हणल्या, ‘मी लशीला चाललीया. त्याच्यासंगं बोलणार न्हाई, सांगून ठेवते.’ आणि मग काय केलं सांगू? बाटलीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं. गाडीच्या आरशात बघून केस विंचरले. लुगड्याच्या निऱ्या सोडून नव्यानं खोवल्या. दंडावर टोचून घ्यायला जाणाऱ्या बाईची ही तयारी!

…अगं हो, येतेच त्याच्यावर.

शाळेच्या पडवीत होती लस. टोचलं की अर्धा तास तिथंच बसवतात ना, काय होतंय का बघायला? खडूची गोलं काढलेली, एकेका गोलात एक खुर्ची, मधी चार हात अंतर. आत्यांना टोचलं आणि सिस्टरनं नेऊन बसवलं… कुठं आसंल?… बरोब्बर! शेजारच्याच गोलात मामा. पांढरा पटका, मास्क, वर मफलर. डोळं तेवढं दिसत होतं.

…ओळखलं न्हाई कसं? एका नजरेत ओळखलं! दोघांनी बी. आत्यांनी बघितलं, मान हिकडं केली. मामांनी बघितलं, मान तिकडं केली. पाच मिनटं दोघंबी छपराकडं बघत बसली, जसं काय पत्रे मोजायचेत. मी आणि सृष्टी खिडकीच्या गजाला चिकटून. आमी दोघी पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होतो, पण नजर त्या दोघांवरच. हात घट्ट धरलेले नुसते… सॅनिटायझर लावून, व्हय गं बाई!

आणि मग मामा बोलले. आत्यांकडं न बघता, समोर बघून, मोठ्यानं. आता ऐकायला कमी येतंय त्यांना, त्यात तोंडावर मास्क, त्यात चार हात अंतर. सगळ्या पडवीला ऐकू जात होतं. म्हणले, ‘बाई, कुठनं आलाय म्हणायचं?’

…अगं परक्या बाईला विचारावं तसं! आत्या बी काय कमी हायत? त्या बी तशाच समोर बघून, ‘म्हसवडास्नं.’

‘लय लांबनं आलाय की.’

‘हितं लस चांगली मिळतीया म्हणं.’

‘म्हसवडात आमची एक भन दिलीया.’

‘आसं? बरी हाय का?’

‘काय ठावं. अकरा वर्सं झाली, बोलत न्हाई.’

‘ती बोलत न्हाई का तुमी बोलत न्हाई?’

माया, सगळी पडवी हिकडं वळली. टोचणारी सिस्टर सुई हातात धरून थांबलेली. तिसऱ्या गोलात एक म्हातारबाबा बसलेले, ते म्हणले, ‘जरा मोठ्यानं बोला की, हिकडं अर्धंच ऐकू येतंय.’

…थांब, हसू नको, पुढं ऐक. मामा म्हणले, ‘लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव न्हवतं.’

‘छापखानेवाल्यानं गाळलं आसंल.’

‘मग तिनं येऊन सांगायचं.’

‘गाडी धाडली न्हवती का तिनं?’

‘गाडी धाडली. ती न्हाई आली.’

‘घरात हळद चालली हुती. लेकाच्या अंगाला हळद लावायची सोडून कशी येणार?’

मामांनी मफलर सैल केला. मग म्हणले, ‘हे गाडीवाल्यानं न्हाई सांगितलं मला.’

मग आत्या म्हणल्या, ‘मला बी एक धाकला भाऊ हाय.’ आता त्यांचा आवाज जरा हलला हां, माया. ‘चालाय येत न्हवतं तवा पाठीवर बांधून मेंढरामागं हिंडवलाय त्याला. रडाय लागला की माझ्या वाटणीचं दूध त्याला पाजलंय. लेकाच्या लग्नात तो येतोय का बघाय मी तीनदा मांडवाच्या तोंडाला जाऊन आले.’

तिसऱ्या गोलातले म्हातारबाबा म्हणले, ‘मग? आला का?’

‘न्हाई.’

म्हातारबाबा मामांकडं वळले. ‘चुकलं बघा त्याचं.’

आणि मामा म्हणले, ‘व्हय. चुकलं त्याचं.’

…माया?… हायस ना?… हं. पूस नाक.

मग मामांनी अर्जुना मावशींचं काढलं. म्हणले, ‘आमची थोरली आक्का गेल्या साली मिरजेला गेली. दवाखान्यात आत सोडंनात. नर्सबाईनं फोनवर एकडाव दाखवली. ती म्हणली, हरणीला बघून ये. मी व्हय म्हणलं… आणि गेलो न्हाई.’ आत्यांनी मास्क वर ओढला डोळ्यांपर्यंत, आणि त्यातच डोळं पुसलं. सृष्टीची नखं माझ्या मनगटात रुतलेली, आजूनबी वण हाय.

आणि तेवढ्यात बघ! सिस्टर कागद घेऊन आली. ‘हरणाबाई, अर्धा तास झाला, आता तुमी जाऊ शकता. बिराप्पा, तुमी पण.’ म्हातारबाबा खुर्चीतनं उडाले. ‘आं? हरणा? म्हंजे ही तीच?’ सगळी पडवी हसाय लागली, मास्कच्या आत कुणी कुणी रडत बी आसंल.

पण हे दोघं उठंनात! उठलं की मोकळं, मग बोलायला कारण काय? मामा म्हणले, ‘सिस्टर, मला जरा गरगरल्यासारखं होतंय.’ सिस्टर घाबरली. लगेच आत्या म्हणल्या, ‘मला बी. मला जास्त.’ पळापळ झाली. डॉक्टर आले धावत, दोघांच्या दंडाला पट्टे बांधले, बोटाला ते चिमट्याचं मशीन लावलं. सगळं ठणठणीत! डॉक्टरनं ह्यांच्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि म्हणला, ‘आणखी अर्धा तास बसा. पण खुर्च्या बाहेर चिंचेखाली घेऊन.’ लय शहाणा माणूस.

बाहेर गेल्यावर मामांच्या तोंडातनं निघालं, ‘आक्का, घरी चल.’ आत्या म्हणल्या, ‘आधी लांब हो आणि तोंड दाखव.’ मामा दहा पावलं मागं गेले आणि मास्क खाली ओढला. पुढचे दोन दात न्हाईत. आत्या अशा हसाय लागल्या, अशा हसाय लागल्या… मी अकरा वर्सांत तुझ्या आईला असं हसताना बघितलं न्हवतं. पोट धरून चिंचेला टेकल्या. ‘म्हातारा झालास की रं!’ मामा म्हणले, ‘मग तू काय शाळंला चाललीयास?’

…अवं, चहा तिथंच झाकून ठेवलाय! बघा ना जरा!… तुला न्हाई गं, तुझ्या दादाला.

मग काय, गेलो घरी. अंगणात बाजा टाकल्या, लांब लांब. सृष्टीनं पुरण शिजवून ठेवलेलं. ह्या पोरीला एवढी खात्री! चार वाजता दोघांना ताप भरला. लशीचा ताप गं, सगळ्यांनाच येतोय, गोळी दिली. आणि त्यात बी चढाओढ! मामा म्हणतायत, ‘माझा शंभर.’ आत्या म्हणतायत, ‘माझा एकशे एक.’ मामांनी तापाची काच परत काखेत घातली, आक्कापेक्षा कमी कसा म्हणून. दोघं दोन बाजांवर वाकळा पांघरून, अंगात हुडहुडी, आणि तोंडं काय बंद न्हाईत. कोणचं मेंढरू कवा हरवलं, कोणच्या वस्तीवर कुत्रं चावलं, पन्नास वर्सांपूर्वीचं सगळं.

आमाला अंधाराच्या आत हद्द ओलांडायची होती. तुझा दादा म्हणला, ‘आई, निघायचं का?’ आत्या म्हणल्या, ‘तापात कुठं हलवतोस मला?’ मामा म्हणले, ‘ती आता दुसरा डोस घेऊनच जाईल.’ सृष्टी म्हणली, ‘मामंजी, दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी हाय.’ तर आत्या काय म्हणल्या, ‘सरकारनं ठरवलंय तर आपण काय करणार?’

…चौऱ्याऐंशी! मला बी तेच आलं मनात. इथं म्हशीला कोण बघणार?… बघीन मी, बघीन. बघते की. चौऱ्याऐंशी काय, शंभर दिवस बघीन.

आणि दादाचं सांगायचं राहिलं. गाडीत बसायला निघाला तर मामा उठले बाजेवरनं, ताप घेऊन, आणि त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवले. तुझा दादा तसाच उभा, समोर मी. मामा बराच वेळ तसेच उभे होते गं… न्हाई, त्यानं मला न्हाई काय सांगितलं. भिवघाटापर्यंत गाडी चालवताना नाकच ओढत होता, म्हणला धुरळा हाय.

आता एक सांगते, त्याच्यासाठीच खरं तर तुला बसवलं… रडायचं न्हाई हां.

निघताना सृष्टीनं मला आत नेलं. मामांची ट्रंक उघडली. खाली, सगळ्याच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पिवळी साडी. अगदी घडी न मोडलेली. तुझ्या लग्नासाठी घेतलेली, माया. मामाची साडी. सहा वर्सांपूर्वी म्हणं ते स्वतः सांगोल्याला जाऊन घेऊन आले होते. तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी नवं धोतर नेसून, साडी काखेत मारून, ओट्यावर बसले. कोण बोलवायला येतंय का बघत. दुपारी उठले आणि ट्रंकेत ठेवली. सृष्टी म्हणली, दर दिवाळीला ऊन दाखवतात आणि परत ठेवतात. कुणाला हात लावू देत न्हाईत.

…हॅलो?… माया… अगं…

…हो… हो, पिवळीच. काठ हिरवा… न्हाई, आत्यांना आजून ठाऊक न्हाई. मामा आमच्या मागनं आत आले, म्हणले, मायी आली की मायीच्याच हातात देईन… असंच म्हणले. ‘मायी.’… माझ्यासमोर म्हणले… विचारलं की! तू काय करतीस, दाजी कसे हायत, विश्रामबागात घर कितव्या मजल्यावर, पाणी येतंय का, सगळं विचारलं.

…आता? म्हणजे आज?… अगं, त्यांचा ताप तर उतरू दे… सकाळी फोन झाला सृष्टीचा, उतरलाय म्हणतीया. दोघं उठून चहा पितायत… खरंय, तुला पास लागत न्हाई, जिल्हा एकच हाय… पण कवठेमहांकाळला अडवलं तर?… हां, सांग, आईला लशीचा ताप आलाय, बघायला चाललीय. त्यात खोटं काय न्हाई.

काय वाजतंय गं तिकडं?… कपाट?… साधीच नेस की. तिथं गेल्यावर बदलायचीच हाय तुला… हे बघ, आता हसते आणि रडते एकदमच! एक काय ते कर.

दाजी उठले का?… अंघोळ राहू दे म्हणतीस त्यांना? अगं, पहिल्यांदा मामेसासऱ्याकडं चाललेत ते, तोंड तरी धुऊ दे… मास्क दोन-दोन घे. सॅनिटायझर घे. अंगणातच बसायचं, आत गर्दी करायची न्हाई. मामांना वाकून नमस्कार लांबनंच… हो, मला ठाऊक हाय तू ऐकणार न्हाईस. तरी सांगून ठेवते.

सृष्टीला कळवू का?… नको? तशीच जाणार? बघ बाई, दोघंबी सत्तरीला आलेली, तुला दारात बघून खरंच गरगरायचं त्यांना.

…जिना उतरतीयास व्हय? धाप लागलीय तुला… सावकाश… मी कशी येऊ, म्हैस हाय, भाकरी हायत, तुझा दादा हाय… न्हाई गं, माझं काय न्हाई. मी काल बघितलं की सगळं. आता तू बघ.

हॅलो?… आता हा कसला आवाज?… गाडी सुरू झाली?… दाजींना म्हणावं बेताबेतानं… पोचलीस की एक फोन… नको, फोन नको, फोटो धाड. साडी नेसून. मामांच्या शेजारी उभी राहून… हॅलो?… माया?… हॅलो?

ठेवला.

अवं! ऐकलं का?… अवं, बाहेर या जरा! माया निघाली!